आधी काय थांबतं, श्वास की हृदय?

माकणी, लोहारा, उमरगा हा आपला सगळा मुलूख निजामाच्या राज्यात होता, तेव्हाची ही गोष्ट. १८८९ साली त्या राज्याच्या राजधानीत, हैदराबादेत, एका प्रश्नाचा निकाल लावण्यासाठी शेकडो जनावरांवर प्रयोग झाले. त्यांत कुत्री, माकडं, शेळ्या, मांजरं, ससे होते, घोडेसुद्धा होते. क्लोरोफॉर्मची भूल दिलेला माणूस टेबलावरच दगावतो, तेव्हा त्याचा आधी श्वास थांबतो की हृदय, असा तो एका ओळीचा प्रश्न होता. लंडनच्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकाने आपला माणूस म्हणून थॉमस लॉडर ब्रंटन या नामवंत डॉक्टरांना त्यासाठी हैदराबादेला धाडलं. त्यांच्या येण्याजाण्याच्या खर्चापोटी निजाम सरकारने १,००० पौंड दिले. तेव्हाचे निजाम होते मीर महबूब अली खान. त्यांच्याच मुलाच्या, मीर उस्मान अली खान यांच्या नावावरून आपल्या जिल्ह्याला पुढे उस्मानाबाद म्हणू लागले.

आज ऑपरेशनला निघालेल्या प्रत्येक माणसाच्या जिवाशी या प्रश्नाचा संबंध आहे. पण तो नीट समजायचा तर भूल नव्हती तेव्हा काय होतं, तिथून सुरुवात करायला हवी.

इंग्रजी फौजेत कावसजी नावाचा एक गाडीवान होता. १७९२ च्या म्हैसूरच्या लढाईत तो टिपूच्या ताब्यात सापडला आणि त्याचं नाक आणि एक हात कापला गेला. पुढे पुण्याजवळच्या एका कारागिराने त्याच्या कपाळावरची कातडी वळवून नाकाच्या जागी बसवली आणि नवं नाक घडवलं. मुंबई इलाख्यातल्या इंग्रज डॉक्टरांनी ही करामत पाहिली. १७९४ च्या ऑक्टोबरात लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये ती चित्रासकट छापून आली आणि युरोपातले सर्जन थक्क झाले. इतकं नाजूक काम करणारे हात आपल्याकडे होते, पण ते चालू असताना माणसाला खात्रीने बेशुद्ध ठेवून पुन्हा खात्रीने शुद्धीवर आणण्याची विद्या तेव्हा पुण्यात नव्हती, तशी लंडनमध्येही नव्हती.

माणसाने प्रयत्न सोडले होते असं मात्र नाही. सुश्रुतसंहितेत शस्त्रकर्माआधी रोग्याला मद्य पाजायला सांगितलं आहे. अफू, भांग, धोत्रा यांचाही आधार घेतला जाई. आपल्या बांधाला उगवतो त्या जातकुळीतल्या धोत्र्याने तर इतिहास घडवला. जपानमध्ये हानाओका सेइशू या वैद्यांनी धोत्रा आणि बचनाग यांच्याबरोबर आणखी वनस्पती घालून एक काढा तयार केला. तो पाजून १३ ऑक्टोबर १८०४ रोजी त्यांनी एका वृद्ध बाईच्या स्तनातली कर्करोगाची गाठ काढली. काढ्याची मात्रा ठरवण्यात अनेक वर्षं गेली. त्या प्रयोगांत त्यांच्या पत्नीची दृष्टी गेली, असं सांगतात. खरी अडचण मात्रेचीच होती. पोटात गेलेलं औषध परत काढता येत नाही. कमी पडलं तर रोगी किंचाळत उठतो आणि जास्त झालं तर तो उठतच नाही.

ही कोंडी वायूने फोडली. श्वासातून आत गेलेली वाफ श्वासातूनच बाहेर पडते, म्हणजे मात्रा क्षणाक्षणाला कमीजास्त करता येते. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या एका लहानशा गावात क्रॉफर्ड लाँग या डॉक्टरांनी १८४२ सालीच इथर हुंगवून मानेवरची गाठ काढली होती. पण त्यांनी ते वेळेवर छापलं नाही. जगाला कळलं ते १६ ऑक्टोबर १८४६ रोजी. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये विल्यम मॉर्टन या दंतवैद्याने गिल्बर्ट ॲबट या रोग्याला इथर हुंगवलं आणि जॉन वॉरन या सर्जननी त्याच्या मानेतली गाठ कापली. रोगी ओरडला नाही. पाचच महिन्यांनी, मार्च १८४७ मध्ये, कलकत्त्यात इथरची भूल दिली गेली. तारायंत्र समुद्र ओलांडण्याआधीच्या त्या काळात बातमी जहाजातून इतक्या वेगाने आली, कारण तिची वाट सगळं जगच पाहत होतं.

पण इथरला आपलं हवामान मानवेना. इथर सुमारे ३५ अंश सेल्सियसला उकळतो आणि आपल्याकडे चैत्र-वैशाखात पारा ४० च्या वर जातो. बाटली उघडताच निम्मं औषध हवेत, शिवाय त्याच्या वाफेला आगीची भीती. १८४७ च्या नोव्हेंबरात एडिंबरोच्या जेम्स यंग सिम्पसन यांनी क्लोरोफॉर्मचा गुण शोधला आणि उष्ण देशांचा प्रश्न सुटल्यासारखा वाटला. क्लोरोफॉर्म ६१ अंशांना उकळतो, पेट घेत नाही, त्याला गोडसर वास असतो आणि रुमालावर थोडे थेंब टाकले तरी काम भागतं. हिंदुस्थानातल्या दवाखान्यांत तोच रुळला.

आणि मग माणसं मरू लागली. २८ जानेवारी १८४८ रोजी इंग्लंडमध्ये हॅना ग्रीनर या १५ वर्षांच्या मुलीच्या पायाच्या बोटाचं नख काढायचं होतं. क्लोरोफॉर्म हुंगवल्यावर काही मिनिटांतच ती गेली. अशा बातम्या पुढे येतच राहिल्या. मरणारे बहुतेक धडधाकट होते, ऑपरेशनं किरकोळ होती आणि मरण अचानक येत होतं. डॉक्टरांत दोन तट पडले. लंडनकडचे म्हणत, क्लोरोफॉर्म हृदय थांबवतो, म्हणून बोट नाडीवर ठेवा. एडिंबरोकडचे म्हणत, आधी श्वास बिघडतो, म्हणून नजर छातीवर ठेवा.

एडवर्ड लॉरी एडिंबरोच्या परंपरेतले. ते हैदराबादेत ब्रिटिश रेसिडेन्सीचे सर्जन होते आणि तिथल्या मेडिकल स्कूलचे प्रमुखही होते. क्लोरोफॉर्मने हृदय थेट थांबत नाही, श्वास थांबल्यामुळेच माणूस जातो, यावर त्यांची श्रद्धा होती. १८८८ साली त्यांनी निजाम सरकारकरवी पहिलं क्लोरोफॉर्म कमिशन नेमवलं. निष्कर्ष लॉरींच्या बाजूने आला, पण लंडनला तो पटला नाही. म्हणून १८८९ चं दुसरं कमिशन आणि ब्रंटन यांची वारी. रक्तदाबाच्या रेषा काजळी धरलेल्या कागदावर उमटत होत्या आणि त्यांचे फोटो घेतले जात होते. शेवटी ब्रंटन यांनी लंडनला तार केली. धोका श्वास गुदमरण्याचा आणि जादा मात्रेचा आहे, हृदयावर थेट घाला पडत नाही, असा त्या तारेचा मथितार्थ होता.

या कामात रूपाबाई फर्दुनजी नावाची एक तरुण पारशी विद्यार्थिनी होती. १८८५ मध्ये लॉरींनी आपल्या मेडिकल स्कूलचे दरवाजे मुलींना उघडले, त्या पहिल्या मोजक्या मुलींपैकी ती एक. पुढे रूपाबाईंनी बरीच वर्षं हैदराबादेत भूल देण्याचं काम केलं. मधल्या काळात त्या एडिंबरोलाही गेल्या. भुलीच्या शास्त्राचा वेगळा अभ्यासक्रम तिथे तेव्हा नव्हता, म्हणून वायू आणि वाफा समजून घेण्यासाठी त्यांनी भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र शिकून घेतलं. जगातल्या पहिल्या स्त्री भूलतज्ज्ञ म्हणून आज त्यांचं नाव घेतलं जातं. ज्या राज्यात तेव्हा मुलींच्या शाळाही विरळ होत्या, त्या राज्याने हा मान मिळवला, हे मला त्या कमिशनच्या सगळ्या निष्कर्षांहून मोठं वाटतं.

त्या निष्कर्षांतला व्यवहार आजही वाचण्यासारखा आहे. रोग्याला उताणं निजवा. गळा, छाती, पोट यांवरचे कपडे सैल करा, म्हणजे प्रत्येक श्वास दिसेल. भूल देणाऱ्याने शस्त्रक्रियेकडे बघायचं नाही, श्वासाकडे बघायचं. श्वास अडला की आधी क्लोरोफॉर्म बाजूला करायचा. भूल देणं हे कुणीही रुमाल धरून करायचं काम नाही, एका माणसाचं संपूर्ण लक्ष त्याला लागतं, ही गोष्ट हैदराबादने जगाला ठासून सांगितली.

हृदयाबद्दल मात्र हैदराबाद चुकलं होतं. १९११ साली लंडनमध्ये गुडमन लेव्ही यांनी मांजरांवर प्रयोग करून दाखवलं की हलक्या, अर्धवट क्लोरोफॉर्ममध्ये शरीरात ॲड्रेनालिन उसळलं तर हृदयाचे कप्पे आकुंचन विसरून नुसते थरथरू लागतात आणि रक्ताभिसरण जागच्या जागी थांबतं. हैदराबादेत मुख्यतः मात्रा वाढवत नेऊन मरण कसं येतं ते पाहिलं गेलं. खरा दगा भूल वरवरची असताना होत होता. ॲड्रेनालिन भीतीनेही उसळतं. नखाच्या किरकोळ ऑपरेशनला घाबरून बसलेली पंधरा वर्षांची मुलगी का गेली असेल, त्याचा एक संभाव्य उलगडा असा ६३ वर्षांनी झाला. तीच भीती, तोच हलका क्लोरोफॉर्म. दोन्ही तट अर्धे बरोबर होते. श्वासावर नजरही हवी आणि नाडीवर बोटही हवं. क्लोरोफॉर्म पुढे मागे पडला, ही शिकवण मात्र टिकली.

पण भूल म्हणजे आहे तरी काय? झोपेशी तिचा संबंध फारच वरवरचा आहे. झोपलेल्या माणसाला चिमटा काढला तर तो उठतो. भुलीतल्या माणसाचं पोट उघडलं तरी त्याला पत्ता नसतो. झोपेतून उठल्यावर रात्र सरल्याचं जाणवतं, भुलीतून उठणाऱ्याला मधला काळ घडलाच नाही असं वाटतं. प्रोपोफॉल हे आजचं दुधासारखं पांढरं औषध शिरेतून गेलं की अर्ध्या-पाऊण मिनिटात माणूस हरपतो. मेंदूच्या पेशींना शांत करणारं गाबा नावाचं एक रसायन आपल्या मेंदूतच असतं. प्रोपोफॉल त्याचा प्रभाव कैक पटींनी वाढवतं. मेंदूचे भाग आपापल्या जागी जिवंत असतात, पण एकमेकांशी बोलणं थांबवतात आणि ते बोलणं थांबलं की ‘मी’ उरत नाही.

याच्या पुढचं आश्चर्य तर फारच मोठं आहे. झेनॉन हा अत्यंत आळशी वायू. तो सहसा कशाशीही रासायनिक संयोग पावत नाही. तरीही १९५१ साली त्याच्यावर माणसांची ऑपरेशनं झाली. इथर, क्लोरोफॉर्म, झेनॉन यांच्या रेणूंत काडीचं साम्य नाही, मग ते एकच काम कसं करतात? विसाव्या शतकाच्या तोंडावर मायर आणि ओव्हरटन या दोन शास्त्रज्ञांना, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, एक सूत्र सापडलं. जे औषध तेलात जितकं जास्त विरघळतं, तितकी त्याची भूल जोरदार. पेशीचं आवरण स्निग्ध असतं, तेव्हा गुपित तिथेच असणार असं पुष्कळ वर्षं मानलं गेलं. आता लक्ष त्या आवरणात रुतलेल्या प्रथिनांकडे वळलं आहे. पूर्ण उत्तर अजून हाती आलेलं नाही.

आणि भूल फक्त मेंदूलाच लागते असंही नाही. लाजाळूचं झाड आपण सगळ्यांनी बोट लावून मिटवलं आहे. क्लॉद बर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १८७० च्या दशकात लाजाळूला काचेच्या हंडीत इथरची वाफ दिली. तिने पानं मिटणं सोडलं. वाफ काढून घेतल्यावर ती पुन्हा लाजू लागली. जिला मेंदू नाही, जिला मज्जातंतू नाहीत, तिलाही भूल चढते आणि उतरते! म्हणजे ही औषधं जिवंतपणाच्याच एखाद्या अगदी जुन्या, झाडांत आणि माणसांत सारख्याच असलेल्या गाभ्याला हात घालत असावीत.

आपल्या घरांत सगळ्यांत जास्त अनुभवाची भूल मात्र वेगळी आहे. सिझर असो, हर्निया असो, मोडलेला पाय असो, पाठीत एक सुई देतात आणि कमरेखालचा भाग बधिर होतो. तिचा शोध जर्मनीतल्या कील शहरात ऑगस्ट बिअर यांनी १८९८ साली लावला. आधी त्यांनी रोग्यांना पाठीत कोकेनची सुई दिली. मग खरं काय होतं ते कळावं म्हणून ते आणि त्यांचे सहायक हिल्डेब्रांट यांनी एकमेकांवर प्रयोग करायचं ठरवलं. बिअर यांना सुई टोचली, पण सिरिंज सुईला नीट बसेना आणि पाठीतलं पाणी वाहून गेलं. मग हिल्डेब्रांट यांना सुई दिली. बिअर यांनी त्यांच्या पायाला चिमटे काढले, पेटती सिगार लावली, नडगीवर लोखंडी हातोडीने मारलं. हिल्डेब्रांट यांना वेदना झाल्या नाहीत. दोघांचीही डोकी नंतर बरेच दिवस दुखत राहिली. पाठीतल्या द्रवाची गळती हे त्या दुखण्याचं कारण, आणि आजच्या केसासारख्या बारीक सुया त्यावरचा उपाय आहेत.

मज्जातंतूतून वेदनेची खबर वर जाते, ती सोडियमच्या सूक्ष्म कणांच्या लाटेवर. लिग्नोकेन किंवा बुपिव्हाकेन हे औषध सोडियमच्या वाटा बंद करतं. माकणीच्या धरणातून सुटलेल्या पाटाला मध्येच दार घातलं की पुढच्या वावरात थेंब जात नाही, तशी खबर तिथेच अडते. मेंदूला काही कळतच नाही, म्हणून आई जागी असते आणि बाळाचा पहिला आवाज ऐकते. सुईने मणका अधू होतो, हा समज मनातून काढून टाकायला हवा. मोठ्या माणसाचा मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. सुई त्याच्या खाली देतात, जिथे द्रवात तरंगणाऱ्या सुट्या नसा असतात. बाळंतपणानंतर वर्षानुवर्षं दुखणाऱ्या कमरेचं खापर या सुईवर फोडलं जातं, पण तपासण्यांत तसा संबंध आढळलेला नाही. गरोदरपणात ताणलेले स्नायू आणि सांधे, वाकून केलेली कामं ही त्या दुखण्याची नेहमीची कारणं.

आपल्या भागाने ३० सप्टेंबर १९९३ ची भूकंपाची पहाट पाहिली आहे. किल्लारीपासून सास्तूरपर्यंत दगड-मातीची घरं झोपलेल्या माणसांवर कोसळली. अशा आपत्तीत, जिथे वीज नाही, ऑक्सिजनचं सिलिंडर नाही आणि वेळही नाही, तिथे जगभरचे डॉक्टर ज्या औषधाकडे हात नेतात ते म्हणजे केटामीन. १९६२ साली अमेरिकेत ते तयार झालं. त्याचं वैशिष्ट्य असं की ते वेदना आणि शुद्ध दोन्ही हरपवतं, पण योग्य मात्रेत श्वास बहुधा चालू ठेवतं आणि रक्तदाबही पडू देत नाही. दंडात सुई देऊनही काम होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ते १९८५ पासून आहे.

मोठ्या ऑपरेशनमध्ये मात्र याच्या नेमकं उलट करतात. १९४२ च्या जानेवारीत माँट्रियलमध्ये हॅरोल्ड ग्रिफिथ यांनी क्युरारे हे औषध भुलीत वापरलं. दक्षिण अमेरिकेतले आदिवासी बाणांना लावत ते हेच विष. त्याने सगळे स्नायू सैल पडतात, सर्जनला पोटात काम करणं सोपं जातं. पण श्वासाचा पडदाही स्नायूच आहे, तोही थांबतो. म्हणजे लॉरींना ज्या एका गोष्टीची आयुष्यभर धास्ती होती, तो थांबलेला श्वास आज भूलतज्ज्ञ रोज मुद्दाम घडवून आणतात आणि माणसाचा श्वास स्वतः आपल्या हातांनी, यंत्राच्या मदतीने चालवतात. तासाभराने तो त्याचा त्याला परत देतात.

हे सुरक्षितपणे जमतं, कारण श्वास आणि नाडी दोन्हींवर सतत नजर असते. आज रोग्याच्या बोटाला एक चिमटा लावतात. जपानच्या ताकुओ आओयागी यांनी १९७० च्या दशकात शोधलेलं हे तत्त्व. बोटातून आरपार जाणारा प्रकाश नाडीचा प्रत्येक ठोका मोजतो आणि रक्तात प्राणवायू किती आहे तेही सांगतो. दुसरी नळी उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजते आणि प्रत्येक श्वासाची रेष पडद्यावर काढते. लंडनची नाडी आणि हैदराबादचा श्वास एकाच पडद्यावर शेजारी शेजारी चालतात. त्या पडद्यासमोर मात्र अजूनही एक माणूस लागतोच. असे तज्ज्ञ गावाकडे कमी पडतात, म्हणून अडलेल्या बाळंतिणींसाठी आपल्या सरकारने एमबीबीएस डॉक्टरांनाही जीवरक्षक भूल देण्याचं खास प्रशिक्षण सुरू केलं आहे.

पडद्यासमोरच्या या माणसाला आपणही मदत करू शकतो. ऑपरेशनआधी उपाशी राहायला सांगतात, त्यामागे नेमकं कारण आहे. शुद्धीत असताना घशाशी आलेलं अन्न आपण खोकून परतवून लावतो, भुलीत ती राखण बंद असते. पोटातलं अन्न आणि आम्ल फुप्फुसात गेलं तर जीव धोक्यात येतो. म्हणून साधारणपणे जेवणानंतर किमान ६ तास आणि नुसत्या पाण्यानंतर २ तास थांबतात. दुधाचा चहा हे पाणी नव्हे, तो जेवणातच धरायचा. दम्याचा त्रास, बीपीच्या गोळ्या, साखर, तंबाखू, दारू, हलणारा दात, आधीच्या ऑपरेशनच्या वेळी झालेला त्रास, यांतलं काहीही लपवू नये. लाजेखातर दडवलेला एक घोट चहा भूलतज्ज्ञांच्या सगळ्या यंत्रांवर मात करू शकतो.

सर्जनचं नाव आपल्याला वर्षानुवर्षं आठवतं, भूल देणाऱ्याचं नाव आपण विचारतही नाही. ते विचारावं. ज्याच्या हाती आपला श्वास आणि नाडी दोन्ही सोपवायच्या, त्या माणसाशी आधी दोन मिनिटं बोलावं आणि मनातली भीतीही सांगून टाकावी. घाबरलेलं मन शरीराला काय करू शकतं, हे भुलीचं शास्त्र फार मोठी किंमत मोजून शिकलं आहे. भूलतज्ज्ञ आधी येऊन आपल्याशी बोलतात, धीर देतात, ते उपचाराचंच पहिलं पाऊल आहे.